बॉनेटखालची साफसफाई घरी: पाणी मारायचं की नाही?

लाल_चिखल
मंडळी, गाडी २०१६ ची, १००० सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल. गणपतीत ठाणे-कुडाळ-ठाणे झालं. आता बॉनेट उघडलं की सगळीकडे तांबडी माती, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) कडेला काळा चिकटा आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर निळसर-पांढरा भुगा. कोपऱ्यावरचा वॉशिंगवाला आधी डिझेल फवारतो आणि मग प्रेशरने धुतो. ते मला नको, घरीच करायचंय. सोसायटीत पाईप लावायला बंदी आहे, बादली चालते. तर प्रश्न असे: पाणी मारलं तर नक्की कुठे नडतं? काय काय झाकायचं? डिग्रीझर (तेलकट मळ काढायचं क्लीनर) किती पातळ करायचं? आणि तो काळा चिकटा गळतीचा आहे की जुना मळ, हे कसं ओळखायचं?

खटपट्या
बॉनेट बंद ठेवा. दिसत नाही ते स्वच्छच असतं. (दिवे घ्या.)

पाना_पक्कड
डिझेल नको म्हणताय ते बरोबर. त्यावर इथे कोणीतरी भांडायला येईलच, तेव्हा बोलू.

इंजिन गार हवं. एक्झॉस्टच्या जवळच्या धातूवर दहा सेकंद हात ठेवता आला पाहिजे, हा साधा हिशोब. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर चीर जाऊ शकते. तसं नाही झालं तरी डिग्रीझर लागलीच वाळतं आणि प्लास्टिकवर पांढरे ओघळ राहतात, ते काढताना जीव जातो. किल्ली खिशात ठेवा. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही एकदम सुरू होतो.

सामान फार लागत नाही. एक आणि दोन इंची रंगाचे ब्रश घ्या आणि त्यांच्या पत्र्याच्या पट्टीवर इलेक्ट्रिकल टेप गुंडाळा, म्हणजे ओरखडे जात नाहीत आणि चुकून टर्मिनलला लागलं तरी ठिणगी उडत नाही. जुना टूथब्रश, पाच-सहा मायक्रोफायबर फडकी, एक लिटरच्या दोन स्प्रे बाटल्या, आणि कुंड्यांना फवारा मारायचा दोन लिटरचा हातपंप. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर किंवा ऑल पर्पज क्लीनर घ्या. एका बाटलीत १०० मिली क्लीनर आणि ९०० मिली पाणी, हे प्लास्टिक, रबर आणि रंगवलेल्या पत्र्यासाठी. दुसरीत २०० ला ८००, तेलकट धातूसाठी. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर डब्याचं ऐका.

आधी सगळं कोरडं काम उरका. माती वाळलेली असतानाच मऊ ब्रशने झाडा आणि व्हॅक्यूमने ओढा. ओली केलीत की तिचा गिलावा होतो आणि पाणी तिप्पट लागतं. वायपरच्या खालची प्लास्टिकची जाळी बघा. गुलमोहराखाली गाडी लागत असेल तर तिथे ती बारीक पानं लगद्यासारखी बसलेली असतात. खाली दोन्ही बाजूंना पाणी जायची भोकं असतात. ती तुंबली की पावसाचं पाणी ब्लोअरमधून पायाखालच्या मॅटवर येतं आणि लोक एसीवाल्याकडे खेपा घालतात.

मग झाकाझाकी. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या, आणि रबरबँड. याहून चांगलं काही मिळत नाही. झाकायचं काय, तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनामो), एअर फिल्टरच्या नळीचं तोंड, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर, बऱ्याचदा बॅटरीच्या आसपास असलेला चपटा ॲल्युमिनियमचा डबा), कॉइलचे कपलर (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचे वायरजोड). ऑइलचं झाकण घट्ट आहे ना, डिपस्टिक पूर्ण बसली आहे ना, ब्रेक ऑइलचं झाकण आवळलेलं आहे ना, हे हाताने चाचपून बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यात थेट पाणी गेलं तर विचारूच नका.

क्लीनर मारताना एका वेळी एकच कोपरा घ्या. खालून वर फवारा, दोन-तीन मिनिटं थांबा, ब्रश फिरवा, वाळायच्या आत पुसा. बाटलीतून थेट कपलरवर फवारायचं नाही. ब्रशवर किंवा फडक्यावर घेऊन लावायचं. धुवायला हातपंपाचं हलकं धुकं पुरतं, आणि तेही कपलर आणि झाकलेल्या भागांपासून लांब. सगळं मिळून पाच लिटरच्या वर पाणी गेलं तर तुम्ही अंगणात सडा घालताय असं समजा.

कोरडा_फडका
चांगलं लिहिलंय, पण पाच लिटर तरी कशाला? इंजिनला पाणी लावायची काहीएक गरज नाही. १:१० च्या द्रावणात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, पुसायचं. दुसरं फडकं साध्या पाण्याचं. तीन तास जातात, कबूल. पण वाळवायची कटकट नाही, झाकाझाकी नाही. गाडीसोबत आलेलं मॅन्युअल उघडा. इंजिनच्या भागात पाण्याचा मारा करू नका असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर फडक्याच्या पुढे जाऊच नये.

डिझेलदादा
एवढी नाटकं. आपल्याकडे वर्षानुवर्षं डिझेल किंवा रॉकेल मारून, पाण्याने धुऊन गाड्या निघतायत. कुठे काय झालं? पाऊण-एक लिटर डिझेलमध्ये इंजिन नव्यासारखं चमकतं. आणि पावसात गाड्या गुडघाभर पाण्यातून जातात, तेव्हा दुधाच्या पिशव्या कोण बांधतं?

पाना_पक्कड
@डिझेलदादा, आलात, वाटच बघत होतो.

चमकतं ते इंजिन नसतं, वर राहिलेला डिझेलचा थर असतो. दोन आठवड्यांत त्यावर दुप्पट धूळ बसते. ते एक वेळ सोडा. कूलंटचे जाड काळे पाईप बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. ते रबर उष्णता आणि कूलंट छान सोसतं, पण डिझेल-रॉकेल-ऑइल त्याला सोसत नाही. फुगतं, मऊ पडतं. इंधनाचे पाईप वेगळ्या रबराचे असतात म्हणून त्यांना काही होत नाही, आणि लोकांना वाटतं सगळंच रबर तसं. क्लॅम्पच्या तोंडाशी पाईप दाबून बघा. बोटाला चिकट लागला किंवा क्लॅम्पच्या पुढे फुगवटा दिसला तर तो बदलायला आला. फॅन बेल्टचंही तेच, तेल लागलेला बेल्ट घसरतो आणि ओरडतो. शिवाय एक्झॉस्टच्या पत्र्यामागे साचलेलं डिझेल पुढच्या प्रवासात धूर काढतं, तो वास एसीतून आत येतो. रॉकेल असेल तर धुरावरच थांबेल याची खात्री नाही.

पावसातल्या पाण्याबद्दल: रस्त्यावरचं पाणी खालून आणि पुढून येतं. गाडीची रचनाच ते धरून केलेली असते. पन्हळी, आडोसे, खाली तोंड केलेले कपलर. तुम्ही बॉनेट उघडून वरून पाणी मारता तेव्हा तो सगळा बंदोबस्त बाजूला काढूनच मारता.

सर्किट_सदाशिव
वरच्याला अनुमोदन, थोडी भर. कपलर वॉटरप्रूफ असतात हे खरं, पण कसे तपासलेले? आयपी६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून. त्यात स्थिर दाब असतो, फवारा नसतो. फवाऱ्याची चाचणी वेगळी, आयपी६९के. तिथे ८० अंशांचं पाणी, ८० ते १०० बार दाब, दहा-पंधरा सेंटीमीटरवरून. ती झेलणारे कपलर असतात, पण गाडीतला प्रत्येक कपलर त्या दर्जाचा नसतो. आणि ही चाचणी नव्या कपलरची, नव्या सीलसह. आठ वर्षं उन्हातान्हात शिजलेलं सील आणि सर्व्हिसिंगमध्ये तुटलेला लॉक यांना कोणी प्रमाणपत्र देत नाही. घरगुती प्रेशर वॉशरवर १००-१३० बार लिहिलेलं असतं. नॉझल जवळ नेलं की सील वाकतं, पाणी आत जातं, आणि मग ते सील पाणी बाहेर येऊ देत नाही. म्हणून बिघाड त्याच दिवशी दिसेलच असं नाही. पिना हिरव्या पडून दोन-तीन महिन्यांनी सेन्सर वेडेवाकडे आकडे द्यायला लागतो, तेव्हा धुलाईची आठवणही राहिलेली नसते.

साफसफाईच्या आधी एकेक कपलर हलकेच ओढून बघा. खटकन बसलेला नसेल, लॉक तुटला असेल तर केबल टायने बांधून घ्या आणि तिथे फक्त कोरडं काम.

@कोरडा_फडका, अल्टरनेटर आणि कपलरपुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण सस्पेन्शन टॉवरचे खळगे, बॅटरीखालचा ट्रे, रेडिएटरच्या पट्टीमागचा चिखल हे फडक्याने निघत नाही. तिथे थोडं पाणी लागतंच.

सचिव_बी_विंग
सोसायटीच्या वतीने एक विनंती. तेलकट पाणी पार्किंगच्या कडेच्या पावसाळी गटारात सोडू नका. ते कुठल्याही प्रक्रियेविना थेट नाल्याला जातं. गाडीखाली जुनं गोणपाट आणि त्यावर वखारीतला लाकडाचा भुसा पसरा, दोन किलो पुरतो. गळेल ते भुसा पितो. तो पिशवीत बांधून टाका, ओल्या कचऱ्यात नको, त्या कचऱ्याचं खत होतं. आणि फरशीवर डाग पडला तर त्यावरही तोच भुसा रात्रभर.

खटपट्या
सचिवसाहेब धाग्यावर आले, आता पार्किंगचा विषय निघणार.

सचिव_बी_विंग
निघेल. तुमची दुसरी दुचाकी नोंदवलेली नाही.

खटपट्या
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मी चाललो.

नारळीबाग
कोकणातली माती निघेल हो, खरी डोकेदुखी खाऱ्या हवेची. मालवण, रत्नागिरी, अलिबाग पट्ट्यात उभ्या असणाऱ्या गाडीचं इंजिन वरून स्वच्छ दिसतं आणि अर्थिंगच्या बोल्टला हिरवं चढलेलं असतं. इंजिनपासून बॉडीला येणारी विणलेली तांब्याची पट्टी शोधा. बॅटरीची मायनस काढून ती पट्टी सोडवा, दोन्ही बाजूंचा धातू तारेच्या ब्रशने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. बसवायच्या आधी जेली चोपडू नका, धातूला धातू लागला पाहिजे. सेल्फ मारताना दिवे फार मंद होणं, कधी लागणं-कधी न लागणं, यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. नवी बॅटरी घेण्याआधी हे करा.

किनाऱ्यावर मीठ काढायला साधं गोडं पाणीच लागतं, कोरड्या फडक्याने मीठ फक्त जागा बदलतं. तेव्हा ओल्या फडक्याने पुसणं तिथे तरी टाळता येत नाही.

दुसरं म्हणजे उंदीर. आमच्याकडे घरट्यात काथ्या, नारळाची सोडणं, वाळलेलं गवत असं काहीही सापडतं, आणि तेही एक्झॉस्टच्या उबेला. गाडी बरेच दिवस उभी असेल तर इंजिन सुरू करण्याआधी टॉर्च मारून बघावं, नाहीतर पेट घेतं. एअर फिल्टरचा डबा आणि डॅशबोर्डमागचा एसी फिल्टर, या दोन्ही जागा त्यांच्या लाडक्या.

वैद्यबुवा_नाही
उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर हवेचा ब्लोअर अजिबात मारू नका, झाडूनही काढू नका. सुकलेली धूळ नाकात जाते. आणि आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आहे, तो मुतातून पसरतो, हाताला जखम असेल तर तिथून शिरतो. रबरी हातमोजे, मास्क. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, ते फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. ॲल्युमिनियमवर ब्लीच राहू देऊ नका, साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. संडासच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

तळटीप
उंदरांसाठी तंबाखूची पुडी बांधतात ना बॉनेटमध्ये? चालते का?

नारळीबाग
पहिला आठवडा चालते. नंतर चुना मागतात.

खरं उत्तर: वास उडून जातो, डांबराच्या गोळ्यांचं आणि पुडीचं दोन्हीचं तेच. आणि पुडी सुटून बेल्टमध्ये गेली तर तो वेगळाच ताप. खालून शिरायची भोकं गंजरोधक जाळीने बंद करा, रेडिएटरसमोर मात्र जाळी लावून हवा अडवू नका. गाडीत खाऊचा चुरा ठेवू नका. बॉनेटखाली लख्ख स्वच्छता ठेवली तरी उंदीर येतात, पण कुरतडलेली वायर लवकर दिसते. माझ्या लेखी साफसफाईचा हाच मोठा फायदा.

गॅसवाली_ताई
सीएनजी असणाऱ्यांसाठी. बाहेरून बसवलेल्या किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस इंजेक्टरची रेल आणि किटचा छोटा ईसीयू यांच्यावर पाणी नकोच. ते वायरिंग पुष्कळदा नुसतं टेप गुंडाळून सोडलेलं असतं, कंपनीच्या कपलरसारखं बंदिस्त नसतं. बॉनेटमध्ये गॅस भरायचा व्हॉल्व्ह असेल तर त्याची टोपी लावलेली आहे ना ते बघा, नळीत माती-पाणी जाता कामा नये. काम सुरू करायच्या आधी गाडी पेट्रोलवर टाका आणि सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. साफ झाल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस ब्रशने लावून बुडबुडे येतात का बघायचं असेल तर व्हॉल्व्ह परत उघडून, मोकळ्या हवेत. बुडबुडा दिसला तर स्वतः आवळत बसू नका, किटवाल्याकडे न्या.

तळटीप
आणि ईव्ही?

सर्किट_सदाशिव
ईव्हीत आणि हायब्रिडमध्ये नारिंगी केबल दिसली की तिथे फक्त किंचित ओलसर फडकं, बाकी काही नाही. बऱ्याच ईव्हींत त्या केबलमध्ये ३०० व्होल्टच्या वर असतात. नारिंगी कपलर उघडून बघायचा मोह नको. बारा व्होल्टची छोटी बॅटरी मात्र सगळ्यांसारखीच साफ करता येते.

बर्फातला_मराठी
इकडे मिशिगनला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे @नारळीबाग यांचा अर्थिंगचा मुद्दा आमच्याकडे जशास तसा लागू. फक्त शून्याच्या खाली तापमान असताना पाणी लावायचं नाही. बॉनेटचं लॉक आणि बिजागऱ्या गोठतात, बॉनेट एकतर उघडत नाही किंवा, जास्त वाईट म्हणजे, नीट लागत नाही. पुसून झाल्यावर लॉकला पांढरं लिथियम ग्रीस.

पाना_पक्कड
बॅटरी राहिली होती. निळसर-पांढरा भुगा हा टर्मिनलच्या मुळाशी आलेल्या ॲसिडच्या वाफेचा प्रताप. चष्मा आणि हातमोजे घाला. आधी मायनस काढायची, मग प्लस. बहुतेक जपानी धाटणीच्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. उलट केलं आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, टूथब्रशने लावा. फसफसतं तोवर ॲसिड शिल्लक आहे, फसफस थांबली की पुसा. डिस्टिल्ड वॉटर भरायची बुचं घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. जोडताना आधी प्लस, मग मायनस, आणि वरून जेली. भुगा महिन्याभरात परत आला तर चार्जिंग मोजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. वर जात असेल तर बॅटरी उकळते आहे.

बॅटरी काढली की घड्याळ शून्यावर येतं, काही गाड्यांत खिडकीची ऑटो काच परत शिकवावी लागते आणि आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) काही किलोमीटर वरखाली होतं. घाबरू नका.

चकाकी
शेवटी प्लास्टिक-रबराला चमक आणणारं ड्रेसिंग कोणतं मारू? तो काळा कुळकुळीत लुक हवाय.

कोरडा_फडका
पाण्यावर आधारित, मॅट. फडक्यावर घेऊन प्लास्टिकला आणि पाईपांना लावा, दहा मिनिटांनी जादाचं पुसा. तेलकट, चकचकीत स्प्रे धूळ ओढतात. बेल्ट, पुली, एक्झॉस्टचा पत्रा यांना अजिबात नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूचं फेल्ट असतं ना, तेही भिजवू नका, वजनाने लोंबतं. मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम, बस. आणि पांढऱ्या पडलेल्या ॲल्युमिनियमला फरशीचं ॲसिड किंवा कॉस्टिक लावायचा विचारही नको, दोन्ही त्याला खातात आणि कायमचे काळे-राखाडी चट्टे पडतात.

जुनी_गाडी_घेणारा
उलट बाजू. सेकंडहँड गाडी बघायला गेलो आणि बॉनेटखाली आरशासारखं लख्ख दिसलं तर मी जास्त वेळ थांबतो. गळती लपवायला धुतलेली असू शकते. वापरलेली पण नीटनेटकी धूळ मला चालते. विकायच्या आठवडाभर आधी धुण्यापेक्षा दर दोन महिन्यांनी पुसत राहणं बरं.

नवा_गडी
इथे विचारलं तर चालेल का? काल एका सेंटरवर इंजिन धुऊन घेतलं. आज सकाळी सुरू केली तर गाडी थरथरतेय, ॲक्सिलरेटर दाबला की अडखळते, पिवळी चेक इंजिनची लाईट लुकलुकते. चार सिलिंडर, पेट्रोल. चालवत नेऊ का गॅरेजला?

पाना_पक्कड
नेऊ नका, आत्ता बंद करा. लाईट नुसती लागणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकते म्हणजे मिसफायर होतोय (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा डबा) जाऊन तिथे जळतं आणि तो तापून वितळतो. त्याच्या किमतीत दोन वर्षांची सर्व्हिसिंग होते.

बहुधा प्लग होलमध्ये पाणी आहे. बऱ्याच गाड्यांत प्लग इंजिनच्या डोक्यावर खोल भोकात बसतो आणि वर कॉइलचं टोपण असतं. धारेचं पाणी टोपणाच्या कडेने आत उतरतं आणि साचतं, वाफ व्हायला वाट नाही. मग ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता पाण्यातून बाजूच्या धातूला उडी मारते. स्कॅनर (गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर पी०३०१ ते पी०३०४ यांतला आकडा कुठला सिलिंडर ते सांगेल, पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त.

बॅटरीची मायनस काढा. कॉइलचा कपलर लॉक दाबून सोडवा, बहुधा एकच १० नंबरचा बोल्ट असतो, कॉइल थोडी पिळून सरळ वर ओढा. प्लगला हात लावू नका. तो काढलात तर साचलेलं पाणी आणि माती सिलिंडरमध्ये पडेल. आधी पाणी काढा: स्क्रूड्रायव्हरला सुती कापड गुंडाळून टिपा, मग कॉम्प्रेसरची हवा, डोळ्यावर चष्मा घालून, कारण पाणी थेट तोंडावर येतं. कॉइलचं रबरी बूट पुसून, आतून हेअर ड्रायरने वाळवा. बुटावर पांढरट-करड्या रेषा भाजल्यासारख्या दिसल्या तर वीज तिथून पळायला शिकली आहे, तो बूट बदलावा लागेल. कपलरच्या पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर, दहा मिनिटं उडू द्या, बसवताना बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका थर. चारही कॉइल करा, एकच नको.

नवा_गडी
धन्यवाद, कॉम्प्रेसरवाल्याला घरीच बोलावतो. पण तो म्हणतोय डब्ल्यूडी-४० मार, होईल.

सर्किट_सदाशिव
पाणी हटवायला ते बनलंय, पण त्याची वाफ पेट घेते. कॉइलजवळ मारून लगेच सेल्फ मारायचा नाही. आणि होलात साचलेलं पाणी त्याने जात नाही, वरून फक्त तवंग येतो. आधी हवा.

नवा_गडी
झालं. दोन नंबरच्या होलात चांगलं चमचाभर पाणी होतं, तीनमध्ये ओल. आता गाडी शांत चालतेय, लाईटही लुकलुकायची थांबलीय, पण जळत राहिलीय.

पाना_पक्कड
कोड साठलेला असतो. काही वेळा चालवल्यावर आपोआप जाते, नाहीतर स्कॅनरने पुसा. परत लुकलुकली तर बूट बघा.

लाल_चिखल
बापरे, धागा कुठच्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार. पाईप नाही, बादली आणि हातपंप, अल्टरनेटरकडे फक्त फडकं, एवढं पक्कं केलं. ऑक्टोबरच्या कोरड्या दिवशी सकाळी करतो. आता फक्त शेवटचा प्रश्न राहिला, टॅपेट कव्हरच्या कडेचा चिकटा.

पाना_पक्कड
तोच खरा प्रश्न होता तुमचा, बाकीचं धुणं त्याच्यासाठीच. २०० ला ८०० वाल्या द्रावणाने ती कड टूथब्रशने घासून कोरडी ठक्क करा. गार इंजिनवर सांध्याच्या खाली टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकून बसवा, बेल्टकडच्या बाजूला नको. मग पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवा. पावडरीत जिथे काळी रेघ उमटते, गळती तिथे किंवा त्याच्या वर. तेल खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. रेघ उमटली नाही तर फोटो काढून ठेवा आणि २०० किलोमीटरनंतर परत बघा. तेव्हाही कोरडं असेल तर जुना मळ होता, किंवा कोणीतरी ऑइल भरताना सांडलेलं.

लाल_चिखल
आणि रेघ उमटली तर? कव्हरचे बोल्ट थोडे आवळून भागेल?

पाना_पक्कड
बहुधा नाही. रबरी पॅकिंग कडक झालेलं असतं, जास्त आवळलं की कव्हर वाकतं किंवा बोल्टचे आटे जातात. पॅकिंग बदला, आणि प्लग होलच्या गोल सीलाही त्याच वेळी, त्या वेगळ्या येतात आणि मेकॅनिक विसरतो. कॉइल काढल्यावर होलात पाण्याऐवजी तेल दिसलं तर दोषी त्याच. टायमिंग कव्हरचा सांधा जिथे वर येतो त्या कोपऱ्यांवर सिलिकॉन सीलंटचा एकेक ठिपका, बोल्ट मधून बाहेर असे दोन फेऱ्यांत आवळायचे. सीलंटच्या नळीवर लिहिलेला वेळ वाळू द्यायचा आणि मगच गाडी सुरू करायची. मेकॅनिक घाई करेल, त्याला चहा पाजा.